मोठ्या इंजिनच्या नादात मी कसा फसलो

लिहायला लाज वाटते. पण याच आठवड्यात ओळखीतल्या दोघांनी मला विचारलं, "गाडीत मोठं इंजिन टाकू का?" म्हणून लिहितोय.

माझी गाडी ११९७ सीसीची, १,४०,००० किलोमीटर चाललेली. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खायची, सकाळी सुरू केली की निळा धूर, चढावर दम टाकायची. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, याच्यावर पैसे घालू नका. पिस्टनच्या रिंगा बदलल्या तरी सहा महिन्यांत परत याल. १९९८ सीसीचं, कमी चाललेलं इंजिन आलंय माझ्याकडे. तेच टाकू." जुनं दुरुस्त करायला किती लागतील, हे मी विचारलंच नाही. तिथेच अर्धा फसलो होतो.

मी डोळे मिटून पैसे दिले असं कुणी समजू नये. मोठं इंजिन म्हणजे रेडिएटर मोठा लागणार, क्लच बदलावा लागणार, पुढचं वजन वाढणार म्हणून स्प्रिंगा आणि ब्रेक बघावे लागणार, हे सगळं मी विचारलं. त्याने प्रत्येकाचं बरोबर उत्तर दिलं. इसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) आणि किल्ली त्याच इंजिनसोबतची हवी, नाहीतर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं कुलूप, गाडी सुरू होऊ देत नाही, हे तर त्याने आपणहून सांगितलं. म्हणून विश्वास बसला. फसवणारा माणूस कामात कच्चाच असेल असं धरून चालू नका.

आता ज्या क्षणाने अजून झोप लागत नाही, तो सांगतो. इंजिन बघायला मला सकाळी अकराला बोलावलं होतं. गेलो तर ते लोखंडी स्टँडवर सुरूच होतं. मी टॅपेट कव्हरला, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाला, हात लावला आणि चटका बसला. म्हणजे मी यायच्या बऱ्याच आधीपासून ते चालू होतं. व्हॉल्व्ह सील गेलेलं इंजिन थंड असताना सुरू केलं की धूर ओकतं, कारण बंद असताना सीलवरून झिरपलेलं ऑइल तेव्हा जळतं. माझी स्वतःची गाडी रोज सकाळी मला हेच दाखवत होती! तरी मी हात मागे घेतला आणि म्हणालो, "आवाज छान आहे." दुसरं, सगळा ब्लॉक काळाकुट्ट आणि तेलकट, पण जिथे इंजिन नंबर कोरलेला असतो तेवढ्याच तळहाताएवढ्या जागेवर ताजा चंदेरी रंग. "गंज होता, साफ करून रंग मारला," तो म्हणाला. मी मान हलवली.

इंजिन बघायला जाल तर ते थंडच हवं. गरम असेल तर घरी परत या.

ठरलेली रक्कम बरोबर माझ्या चार महिन्यांच्या पगाराइतकी होती. ६० टक्के आगाऊ, ४० टक्के गाडी हातात आल्यावर. नऊ दिवसांचं काम ४७ दिवस चाललं. मध्येच वायरिंगचे म्हणून १८ टक्के वाढवले, मग माउंट आणि क्लचचे ७ टक्के. गाडी उघडी पडलेली, जुनं इंजिन बाहेर काढलेलं. नाही म्हणून जाणार कुठे? एकूण पाच महिन्यांचा पगार गेला. पावतीवर त्याने फक्त "इंजिन काम" एवढंच लिहिलं. पावतीवर इंजिनचा नंबर, सीसी आणि ते कुठून आलं हे लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

गाडी १९ दिवस चालली, ६४० किलोमीटर. ओढ होती, हे खोटं नाही. पण आधीचं इंजिन इतकं झिजलेलं होतं की त्यानंतर कुठलंही जोरदारच वाटलं असतं. विसाव्या दिवशी तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला, मागे पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय. दुसऱ्या मेकॅनिकने कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजलं: ११, ११, १०.५ आणि चौथ्या सिलिंडरला ४ बार. हेड उघडल्यावर बोअर (सिलिंडरचा व्यास) निघाला ८१ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टन वरखाली जातो ते अंतर) ७७.४. व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक, गुणिले चार सिलिंडर: १५९५ सीसी. मला ज्या इंजिनचे पैसे लावले त्याचे दोन्ही आकडे ८६ असतात. चंदेरी रंग खरवडला तर खाली नंबर ग्राइंडरने घासलेला. माझ्या जुन्या इंजिनच्या रिंगा आणि सील ठरलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यात झाले असते, असं हाच मेकॅनिक म्हणाला.

पोलिसांकडे गेलो. "गाडी तुम्हीच दिली, पैसे तुम्हीच दिले, हा दिवाणी मामला आहे." मी घासलेल्या नंबरचा फोटो दाखवला, तर मलाच उलट विचारलं की चोरीचं इंजिन तुमच्या गाडीत कसं? तीन तास बाकावर बसवून ठेवलं, तक्रार लिहूनच घेतली नाही. नोंदणी कार्यालयातून पत्र आणा म्हणाले. नोंदणी कार्यालयात सांगितलं, आधी पोलिसांचा दाखला आणा, नंबर जुळत नाही तोवर आम्ही काही करू शकत नाही. सहा फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला माझा अर्जच सापडत नव्हता, पाचव्या वेळी ते टेबल सांभाळणारा माणूस रजेवर होता. विमावाल्यांनी तर एका ओळीत संपवलं: इंजिन बदलल्याचं कळवलं नव्हतं. ज्याने नंबर घासला त्याला कुणी एक प्रश्न विचारत नाही, आणि मी स्वतः कागद घेऊन दारात उभा राहतो तर संशय माझ्यावर. कशासाठी आहेत ही कार्यालयं?

इंजिन बदलण्याआधी नोंदणी कार्यालयाला आणि विम्याला लेखी कळवा, पोच घ्या.

आणि जुनं इंजिन गॅरेजमध्ये सोडू नका, ते गाठोडं बांधून घरी आणा. माझं त्याने "भंगारात घातलं" म्हणून सांगितलं. ते परत मिळालं असतं तर दुरुस्त करून बसवलं असतं आणि नोंदीतला नंबरही जुळला असता. गेल्या आठवड्यात त्याच गॅरेजच्या मुलाने हळूच सांगितलं की ते भंगारात गेलंच नाही, रिंगा बदलून दुसऱ्या गाडीत बसवलंय, आणि चांगलं चालतंय.