नाताळच्या सहलीत ‘बर्फाची हमी’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

दिवाळी संपली की इंदुरात रामबाग, लोकमान्य नगर भागातल्या मराठी घरांमध्ये एका सहलीची पत्रकं येतात. नाताळच्या सुट्टीत मनाली, आणि वर ‘हिमवर्षावाची लेखी हमी’. आमच्या घरातल्या पाच जणांचे पैसे यात गेले. सहलीचा खर्च वेगळाच, पण प्रत्येकी 4,000 रुपये निव्वळ हमीचं शुल्क म्हणून घेतले.

माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांना एकदा आभाळातून पडणारा बर्फ बघायचा होता. हे आम्ही सहल विकणाऱ्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तो आपल्यातलाच, गणपतीत मंडपात दिसणारा, सासूबाईंना वाकून नमस्कार करणारा. त्याने एक छापील तक्ता पुढे ठेवला. 24 डिसेंबर, 85 टक्के. 25 डिसेंबर, 92 टक्के. 26 डिसेंबर, 88 टक्के. “काकू, हवामान खात्याचाच अंदाज आहे हा. बर्फ नाही पडला तर हमीचे दुप्पट पैसे परत. लिहून देतो.” तेव्हा नोव्हेंबरचा मध्य होता.

नोव्हेंबरात असा अंदाज कुणालाच देता येत नाही, ही गोष्ट प्रत्येकाला माहीत व्हायला हवी. भारतीय हवामान विभाग गावाचा, जिल्ह्याचा अंदाज देतो तो पुढच्या आठवडाभरापुरता. दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाजही निघतो, पण त्यात मोठ्या प्रदेशांत त्या त्या आठवड्यात पाऊस आणि तापमान सरासरीहून कमी की जास्त, असं ढोबळ चित्र असतं. अमुक गाव आणि अमुक तारीख त्यात नसतेच.

हिमाचलात हिवाळ्यातला बर्फ येतो तो पश्चिमी विक्षोभामुळे. भूमध्य समुद्राच्या बाजूने वरच्या वाऱ्यांबरोबर सरकत येणारी ही प्रणाली आली तर ढग आणि बर्फ. नाही आली तर थंडी कितीही असो, आभाळ निळंभोर आणि डोंगर कोरडे. आपल्या माळव्यात गहू-हरभऱ्यावर जो मावठा पडतो, त्यामागेही बहुतेक वेळा हाच विक्षोभ असतो. पंचवीस डिसेंबरला मावठा येणार असं नोव्हेंबरात कुणी सांगितलं तर इकडचा एकही शेतकरी त्यावर पाण्याची पाळी ठरवणार नाही. जानेवारी 2024 मध्ये तर ऐन हंगामात गुलमर्गचे स्कीचे उतारही बराच काळ उघडे पडले होते.

मग ते 92 टक्के आले कुठून? आम्ही लेखी विचारलं तेव्हा उत्तर आलं, की गेल्या काही वर्षांत रोहतांगला डिसेंबरमध्ये बर्फ पडल्याच्या नोंदींवरून काढले. म्हणजे संपूर्ण महिन्याची शक्यता एका तारखेवर चिकटवली, आणि तीही दुसऱ्याच जागेची! रोहतांग खिंड 3,978 मीटरवर आहे, मनाली गाव 2,000 मीटरच्या आसपास. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. वर हिमवर्षाव चालू असताना खाली गावात नुसता पाऊस, असं त्यामुळेच होतं. आणि हवामान खात्याचं नाव त्या तक्त्यावर निव्वळ भुलवण्यासाठी होतं.

जुन्या नोंदींवरून शक्यता सांगणं यात गैर काही नाही, ती प्रामाणिकपणे सांगितली तर. अमेरिकेच्या हवामान संस्थेचा नाताळच्या बर्फाचा नकाशा 1991 ते 2020 च्या नोंदींवर काढलेला आहे. 25 डिसेंबरला जमिनीवर किमान एक इंच बर्फ असण्याची ती ऐतिहासिक शक्यता आहे, यंदाचा अंदाज नव्हे, असं ती संस्था स्वतःच बजावते. ब्रिटनमध्ये त्या दिवसाच्या 24 तासांत एक कण जरी पडताना नोंदला गेला तरी नाताळ ‘पांढरा’ धरतात. निकष काय, हे आधी उघड असतं.

आमच्या कागदावर निकष होता, पण पाठीमागे, बारीक अक्षरांत: ‘सहलीदरम्यान सहभागींना बर्फ दिसल्यास हमी पूर्ण झाली असे मानले जाईल.’

निघण्याच्या आठवड्यात हवामान विभागाच्या संकेतस्थळावर मनालीला कोरडं हवामान दिसत होतं. तारीख पुढे ढकलायला सांगितलं, तर रद्द केल्यास काहीच परत नाही, असं उत्तर मिळालं. 25 तारखेला लख्ख ऊन होतं. त्याने गाडी अटल बोगद्यापलीकडे नेली, रस्त्याकडेला सावलीत धुळीने काळा पडलेला जुना बर्फाचा ढिगारा होता, त्याच्यापुढे सगळ्यांना उभं केलं आणि फोटो काढला. “झालं काकू, बघितलात ना बर्फ!” सासूबाई काही बोलल्या नाहीत. पैसे परत मागितले तेव्हा नकारासोबत तोच फोटो पुरावा म्हणून आला. म्हाताऱ्या माणसाच्या इच्छेचा असा वापर करणाऱ्याबद्दल माझ्या मनात जराही क्षमा नाही.

तुम्हाला कुणी अशी हमी देत असेल तर ‘बर्फ पडणे’ म्हणजे कुठे, कधी आणि नोंद कुणाची, हे कागदाच्या दर्शनी बाजूवर लिहून मागा. सरकारी अंदाज कोरडा असेल तर तारीख बदलून मिळेल, हेही लिहून घ्या. तो तयार झाला नाही तर तिथेच उठा. पैसे आधीच गेले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, सेवा हिमाचलात दिलेली असली तरी. सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून पत्रक, पावती, मेसेज यातलं काहीही टाकू नका.

आमची तक्रार इंदूरच्या आयोगात दाखल झाली आहे. तसाच तक्ता आता 26 जानेवारीच्या सुट्टीसाठी, फक्त तारखा बदलून, वाटला जातो आहे. कुणाकडे आला असेल तर त्याची प्रत मला हवी आहे, पुढच्या सुनावणीला जोडायची आहे.