छताखालचं जंगल: लाइपझिग की झुरिक?

मैत्रिणीला ऑक्टोबरात दोनच दिवस सुट्टी आहे. बाहेर गारठा, म्हणून छताखालचं जंगल, म्हणजे प्राणिसंग्रहालयातलं उबदार बंदिस्त उष्णकटिबंधीय दालन हवंय. पण जर्मनीतलं लाइपझिग की स्वित्झर्लंडमधलं झुरिक, हे काही ठरत नाहीये.

आकाराने लाइपझिग प्राणिसंग्रहालयातलं गोंडवानालँड मोठं: १६,५०० चौरस मीटर, २०११ पासून खुलं. आफ्रिका, आशिया, दक्षिण अमेरिका एकाच छताखाली, शिवाय होडीची फेरी. झुरिक प्राणिसंग्रहालयातलं मासोआला २००३ चं, ११,००० चौरस मीटर, आणि फक्त मादागास्करचं.

खरा फरक प्राण्यांत. लाइपझिगला कोमोडो ड्रॅगन, टॅपिर, महाकाय पाणमांजरं आहेत, पण आपापल्या आवारात. मासोआलात लाल लेमूर (माकडांचे दूरचे नातलग) मोकळे फिरतात, मध्ये जाळी नाही. पँथर सरडा मात्र शोधावा लागतो: अंग पानांत मिसळलेलं, हलतो तो फक्त डोळा. घाईत असाल तर दिसणारच नाही. मला तर हे शोधणंच सगळ्यात प्रिय.

दोन्हीकडे मुख्य स्टेशनवरून थेट ट्राम आहे. खर्चाला झुरिक चांगलंच जड, राहणं-खाणं सगळंच महाग. आत शिरताच चष्म्यावर वाफ धरते, त्यामुळे जाकिटाखाली पातळ कपडे घाला.

लहान मुलं सोबत असतील किंवा हात आखडता असेल तर लाइपझिग. एकाच झाडाखाली तासभर थांबायची तयारी असेल तर झुरिक.