कूलिंग जॅकेट: तीन नग, एक उन्हाळा, परभणीची साइट

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे एसीत बसून लिहायलाय असं वाटायला नको. परभणी जिल्ह्यात छोटी मोठी बांधकामं घेतो, लोक गुत्तेदार म्हणतात पण अर्धा दिवस मी पण सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतायच्या साच्याच्या, प्लेटांवरच उभा असतो. एप्रिल संपता संपता त्या लोखंडी प्लेटा सकाळी दहालाच अशा तापतात की चपलेतून चटका बसतो, सळई बांधणारी पोरं हाताला चिंध्या गुंडाळून काम करतात. हवामान खातं सपाट भागात ४० च्या वर जाऊन नेहमीपेक्षा साडेचार डिग्री जास्त झालं नाहीतर थेट ४५ गाठलं तर उष्णतेची लाट म्हणतं, आणि ते माप पण सावलीतलं. आमचं मे महिन्यातलं नेहमीचंच ४१-४२, म्हणजे लाट जाहीर व्हायच्या आधीच आमचं भरीत झालेलं असतं.

तर ऑनलाइन ते पाण्यात बुडवून घालायचं कूलिंग जॅकेट दिसलं, बिनबाह्यांचं, समोर झिप, आत गादीसारखं शिवलेलं. बाराशेला एक असे तीन मागवले. ब्रँड लिहीत नाही कारण तोच माल चार नावांनी विकायला ठेवलाय, फोटोतला मॉडेल पण तोच.

वापरायचं सोपं आहे, पाच मिनिटं पाण्यात बुडवायचं, हलकं पिळायचं, अंगात चढवायचं. पहिल्या दिवशी मिस्त्रीला घालायला दिलं, क्युरिंगच्या, म्हणजे काँक्रीटवर मारायच्या पाण्याच्या, हौदात बुडवून. गडी दोन मिनिटं काहीच बोलला नाही मग म्हणाला "साहेब, स्लॅबला क्युरिंग करताव तसं माणसाला पण करायलाव का आता?" सगळी साइट हसली, पण ते जॅकेट त्यानं जेवणापर्यंत काढलं नाही हे पण खरं.

गार वाटतं का? वाटतं, चांगलंच वाटतं. यात बर्फ नाही, केमिकल नाही, बॅटरी नाही, पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं एवढंच, माठाचं आणि घरच्या डेझर्ट कूलरचं जे गणित तेच. मला खात्री करायची खोड, काँक्रीटचं टेंपरेचर बघायचा काचेचा थर्मामीटर होता, त्याच्या बुडाला ओली चिंधी गुंडाळली आणि सावलीत वाऱ्यावर टांगला. हवेचं ४३, हवेतला ओलावा १५ टक्के, चिंधीतला पारा २४ वर येऊन थांबला! जॅकेट एवढं खाली जाणार नाही कारण आतून अंग तापवतंय आणि वरून ऊन, पण आपल्या कोरड्या हवेत ह्या वस्तूला जोर कुठून येतो ते कळलं. जूनमधे पहिला पाऊस पडून गेल्यावर परत तेच केलं, हवा ३७, ओलावा ५५, चिंधी २९ च्या खाली जाईना. आणि त्या दिवशी जॅकेट म्हणजे नुसती ओली गोधडी. पावसात कूलर कसा चिकचिक करतो तसंच. म्हणून मुंबई कोकणातल्या लोकांनी रिव्ह्यू बघून मागवू नये, त्यांची हवा आधीच ओली, पाणी उडणार कुठं. हे आपल्या एप्रिल-मे साठीच आहे, हे कंपनीनं कुठंच लिहिलेलं नाही.

कंपनी म्हणते एकदा भिजवलं की सहा तास. झूट आहे. वारं सुटलं की सव्वा तासात पाठीवरचं वाळायला लागतं, म्हणजे सकाळच्या पाळीत तीन-चारदा भिजवावं लागतं. आणि इथं मराठवाड्यात पहिला प्रश्न पाण्याचाच. आमच्या साइटवर पाणी टाकणारी मावशी आहे, तिनं बघितलं आणि तोंडावर म्हणाली "प्यायला टँकर बोलवताव आन ह्याला बादलीभर पाणी पाजवताव". बरोबर बोलली बाई. आम्ही मग हौदातलंच वापरलं, पण ते बोअरचं, क्षाराचं. तीन आठवड्यात जॅकेटवर पांढरी पावडर धरली आणि कापड पापडासारखं कडक. क्षारानं छिद्रं बुजली की पाणी पण कमी धरतं. रात्रभर लिंबू पिळलेल्या पाण्यात ठेवून धुतल्यावर जरा मऊ पडलं, पहिल्यासारखं नाहीच.

दुसरी गोष्ट बांधकामवाल्यांनी नीट वाचा. सिमेंट उचलणाऱ्याला, माल कालवणाऱ्याला हे देऊ नका. ओल्या कापडावर सिमेंटची धूळ बसली की ती भिजते, आणि ओलं सिमेंट कातडी खातं. आमच्या एकाच्या खांद्यावर दोन दिवसात लाल चट्टे उठले, तेव्हापासून जॅकेट फक्त सळईवाल्याला आणि प्लेटावाल्याला.

बाया तर विचारातच घेतलेल्या नाहीत. आपल्याकडं बाया साडीवरून पुरुषाचा फुल शर्ट घालतात, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. त्यावर हे जॅकेट बसतच नाही, खांद्यात आखडतं. आणि डोक्याला त्यात काहीच नाही. मावशी काय करते, चुंबळच ओली करते आणि शर्टाची कॉलर भिजवते, खर्च शून्य. मी पण एक दिवस नुसती ओली दस्ती (रुमाल) डोक्याला आणि मानेला गुंडाळून बघितली, जॅकेटाएवढं नाही पण निम्म्याच्या वर काम होतं असं माझं मत. दस्ती लवकर वाळते एवढंच.

आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसलो ते. मे च्या दुसऱ्या आठवड्यात मिस्त्रीचा भाचा आला, पुण्याला एसी हॉलमधे काम करणारा, म्हणाला सुट्टीत चार पैसे कमवतो. जॅकेट दिसल्यावर त्यानंच आधी घातलं. "मामा, लई गार लागायलंय" करत जोरात काम करायला लागला. दहाच्या सुमाराला त्याच्या पोटरीत गोळे आले, मग मळमळ, मग चक्कर, अंगाला हात लावला तर घामानं चिकट. विचारलं पाणी किती प्यालास तर सकाळपासून एक ग्लास! गार वाटायलंय म्हणून तहान लागल्याचं कळलंच नाही त्याला. कडुलिंबाखाली झोपवलं, पाय उंच केले, डोक्यावर अंगावर पाणी ओतलं, दस्तीनं वारं घातलं, ओआरएस घोट घोट पाजलं, तासाभरात बसता झाला. नीट बोलत होता म्हणून बरं. बडबडायला लागला असता, ओळखेनासा झाला असता किंवा शुद्ध गेली असती तर तो उष्माघात, तेव्हा १०८ ला फोन आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतत राहायचं, तोंडात मात्र काही घालायचं नाही.

चूक माझी होती. नव्या अंगाला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा काम द्यायचं आणि रोज थोडं वाढवायचं असतं. मी जॅकेटच्या भरवशावर त्याला पूर्ण हजेरीला लावला. जॅकेट कातडी गार करतं, घामातून गेलेलं पाणी आणि मीठ भरून देत नाही. त्या दिवसानंतर साइटवर मिस्त्री दर वीस मिनिटाला हाक मारतो, तहान असो नसो ग्लासभर पाणी, मधूनमधून मीठ टाकलेलं ताक. ओआरएस घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युला लिहिलंय का बघा, नुसत्या गोड ज्यूसच्या डब्यांवर पण ओआरएस लिहायचे, शेवटी २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयनं, म्हणजे खाण्याच्या मालावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्यानं, ते बंद केलं. पाकीट नसलं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खिशातला कांदा राहू द्या, त्यानं नुकसान नाही, पण पाणी त्यानं भरून निघत नाही.

पंख्याचं जॅकेट पण येतं, पॉवरबँकवरचं, पाच हजाराच्या पुढं. जालन्याला मेहुण्याकडं घालून बघितलं. कोरड्या शर्टावर ४३ ची हवा आत फुंकली तर ती भट्टीची झळच झाली, शर्ट ओला केल्यावर मात्र भारी चालतं. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही कारण वापरलंय दोनच दिवस.

कामाची वेळ आम्ही सहा ते अकरा आणि चार ते सात केलीय, स्लॅब असला तर रात्री. हजेरीवाले खूश, गुत्त्यावर काम करणारे कुरकुर करतात, त्यांचे पैसे मापावर असतात ना. जॅकेट घातलं की दुपारी पण काम होईल असं मलाही आधी वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. बारा ते तीन मधे हे घालून कुणालाही उभं करू नका, जॅकेट कंपनीचं काही का म्हणणं असेना.

पाचातले तीन स्टार. एक आपल्या कोरड्या हवेत खरंच गार करतं म्हणून, एक लाईट बॅटरी लागत नाही म्हणून, एक मिस्त्रीच्या तोंडाकडं बघून. साइज एक नंबर मोठी घ्या, भिजल्यावर आवळतं. झिप भंगार आहे, तिघातल्या एकाची महिन्यात गेली, बदलून मागितलं तर उत्तर नाही. ते जॅकेट मावशीनं मागून घेतलं आणि साइटवरच्या रांजणाला गुंडाळलं, रोज सकाळी त्याच्यावर दोन तांबे मारते. रांजणातलं पाणी आता पहिल्यापेक्षा गार लागतंय.