सुईने सर्व तपासले, तोंड तेवढे राहिले

लातूर शहरातील एका खासगी प्रयोगशाळेचे ‘कर्करोग प्रतिबंध पॅकेज’ आम्ही पती-पत्नींनी गेल्या दिवाळीनंतर घेतले. दोघांचे मिळून अकरा हजार रुपये लागले. प्रयोगशाळेचे नाव येथे देत नाही, कारण त्याआधी मी आणखी दोन ठिकाणी चौकशी केली होती आणि तिथल्या तपासण्यांची यादीही जवळजवळ हीच होती. माझे थोरले बंधू चार वर्षांपूर्वी तोंडाच्या कर्करोगाने गेले. तेव्हापासून घरात ही धास्ती आहे, आणि स्वतः तीस वर्षे तंबाखूचा बार भरणारा माणूस म्हणून ती मला जरा अधिकच आहे.

सेवेत नाव ठेवायला जागा नाही. आम्ही अंबाजोगाईहून पहाटेच्या बसने उपाशीपोटी पोहोचलो, तेव्हा सांगितलेल्या वेळी खुर्ची तयार होती, रक्त घेणाऱ्या मुलीचा हात हलका होता, नंतर चहा-बिस्किटे मिळाली आणि संध्याकाळी सातच्या आत अहवाल मोबाइलवर आले.

पॅकेजमध्ये नेहमीच्या रक्ततपासण्या, यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, जीवनसत्त्वे आणि त्यांच्या जोडीला ‘कॅन्सर मार्कर’ अशी रचना आहे. दोघांसाठी सीईए, सीए १९-९ आणि एएफपी, पत्नीसाठी अंडाशयाशी जोडलेले सीए-१२५ आणि स्तनाशी जोडलेले सीए १५-३, माझ्यासाठी प्रोस्टेट ग्रंथीचे पीएसए. जास्तीचे पैसे जातात ते या मार्करांसाठी, आणि नेमके याच ठिकाणी ग्राहकाची गफलत होते. हे मार्कर म्हणजे रक्तात सापडणारे काही पदार्थ आहेत. कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णाला उपचार लागू पडतो आहे का, किंवा मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजार पुन्हा डोके वर काढतो आहे का, हे पाहण्यासाठी डॉक्टर त्यांचा उत्तम उपयोग करतात. निरोगी माणसाच्या रक्तात मात्र ते दोन्ही बाजूंनी फसवतात. धूम्रपान करणाऱ्याचे सीईए कर्करोग नसतानाही वाढलेले असू शकते, पित्तमार्ग अडून कावीळ झाली तर सीए १९-९ वाढते, आणि सीए-१२५ तर मासिक पाळी, गर्भारपण, गर्भाशयातील गाठी, पोटाचा क्षयरोग अशा अनेक कारणांनी वर जाते.

पत्नीचे वय ४७. तिचे सीए-१२५ हे ३५ या मर्यादेच्या जागी ४६ आले आणि अहवालात तो आकडा लाल रंगात उठून दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रयोगशाळेतून फोन आला, “सर, मॅडमची व्हॅल्यू हाय आहे, पेट-सीटी करून घेतलेली बरी, आमच्याकडून बुकिंग केल्यास सवलत मिळेल.” पेट-सीटी म्हणजे कर्करोग शोधण्यासाठीचे शरीराचे स्कॅन. तिची पाळी अजून सुरू आहे का, गर्भाशयाचा काही जुना त्रास आहे का, यांपैकी एकही प्रश्न फोनवरच्या व्यक्तीने विचारला नाही. पुढचे पाच दिवस आमच्या घरात कोणी धड जेवले नाही. अखेर गावातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी अहवाल पाहिला आणि शांतपणे विचारले, “ताई, तुमच्या गर्भपिशवीत गाठी आहेत ना जुन्या?” गाठी होत्या, सहा वर्षांपासून. सोनोग्राफी झाली, अंडाशय स्वच्छ निघाले. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर सीए-१२५ आणि सोनोग्राफीचा मोठा अभ्यास झाला. त्याचे अंतिम निष्कर्ष २०२१ मध्ये आले, आणि अशा चाळणीने अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत, असे त्यात आढळले. जिथे वर्षानुवर्षे पद्धतशीर तपासूनही उपयोग झाला नाही, तिथे आमच्या एका सकाळच्या रक्ताने काय साधणार होते?

पुढे बाईंनी जे विचारले त्याने मी खजील झालो. गर्भाशयमुखाची तपासणी कधी केली आहे का? कधीच नाही. साडेपाच हजारांच्या पॅकेजमध्ये ती नव्हती.

हे मराठवाड्यात घडावे याचे मला विशेष वाईट वाटते, कारण या तपासणीचा जगाने मानलेला पुरावा आपल्याच धाराशिव जिल्ह्यातून गेला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांचे ५२ गट करून, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना चार भागांत विभागण्यात आले. एका भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरमधले आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे, आणि चौथ्या भागात नेहमीचीच व्यवस्था. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केलेल्या या कामाचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात नेहमीच्या व्यवस्थेतील ६४ स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या होत्या, तर आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्यांपैकी ३४. एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बार्शीचा उल्लेख आलाच आहे तर हेही सांगतो की, देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथेच सुरू झाली आणि तिच्या क्षेत्रात आपले भूम आणि परंडा तालुकेही आहेत. ज्यांच्या आया-बहिणींनी हे ज्ञान जगाला दिले, त्यांनाच लातूरच्या वातानुकूलित खोलीत त्याऐवजी सीए १५-३ विकले जाते.

आता माझा अहवाल. तो पूर्ण हिरवा होता. सीईए सामान्य, पीएसए सामान्य, आणि तळाशी ‘अभिनंदन’ असा शब्द. खरे सांगायचे तर त्या शब्दाने मला इतके हायसे वाटले की परतताना बसस्थानकावर मी पुडी विकत घेतली. नोंदणीच्या अर्जात ‘तंबाखू : होय / नाही’ असा रकाना होता आणि मी ‘होय’वर प्रामाणिकपणे खूण केली होती, पण त्या खुणेचा पुढे कोणीही काही उपयोग केला नाही. महिनाभराने दाढ दुखली म्हणून दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी बॅटरी लावली, आरशाने गाल बाजूला केला आणि डाव्या बाजूला, गाल आणि हिरडी यांच्यामधल्या ज्या खाचेत मी बार धरतो तिथेच, पांढरा चट्टा दाखवला. तुकडा काढून तपासल्यावर कर्करोग नाही, परंतु पेशींमध्ये सौम्य बदल सुरू झाले आहेत, असे निघाले. तंबाखू त्याच दिवशी सुटली. मिसरी लावणाऱ्या माझ्या मावशीलाही दुसऱ्या आठवड्यात त्याच खुर्चीत बसवले.

पत्नीच्या लाल आकड्याने आम्हाला पाच दिवस छळले, पण माझा हिरवा अहवाल त्याहून घातक होता, असे माझे मत झाले आहे. तोंडाचा कर्करोग लवकर ओळखायला रक्त लागतच नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी तोंडे तपासली, तेव्हा तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये या रोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे २००५ मध्ये दिसून आले. आपल्याकडेही शासकीय कार्यक्रमात तिशीपुढच्या व्यक्तींसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी विनामूल्य आहे. ती सर्व ठिकाणी सारख्या तत्परतेने होते असे मी म्हणणार नाही, परंतु मागितली तर मिळते, हा आमचा अनुभव आहे.

पॅकेजसोबत आधुनिक उपचारांची एक गुळगुळीत पुस्तिका मिळते. तिच्यात कार-टी पेशी, इम्युनोथेरपी आणि रोबोट अशी सगळी नावे एकापाठोपाठ आहेत, पण कोणता उपचार कोणासाठी, याबद्दल अक्षर नाही. मुंबईच्या आयआयटीत आणि टाटा केंद्रात घडलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर सोडण्याच्या पद्धतीला, २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ही अभिमानाची गोष्ट आहे, पण तो रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या ठरावीक कर्करोगांसाठी आहे. आमच्या बंधूंसारख्या तोंडाच्या रुग्णांना जवळचे असलेले संशोधन पुस्तिकेत नाहीच. टाटाच्याच डॉक्टरांनी बळावलेल्या डोके-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे, महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम, देऊन पाहिले. तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीने दिल्यावर एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले.

प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकांशी मी सविस्तर बोललो. त्यांनी अदबीने ऐकून घेतले आणि सांगितले, “सर, आम्ही फक्त तपासतो, अर्थ डॉक्टर लावतात.” मग पेट-सीटीचा सल्ला कोणत्या डॉक्टरांचा होता, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. साखर, थायरॉइड किंवा हिमोग्लोबिन पाहायचे असेल तर या ठिकाणी जरूर जावे, काम चोख आहे. कर्करोगाच्या धास्तीने जाणार असाल, तर तेच पैसे स्त्रियांनी एचपीव्ही चाचणीवर आणि स्तनतपासणीवर खर्चावेत, घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिच्या एचपीव्ही लशीविषयी डॉक्टरांशी बोलावे, आणि तंबाखू-सुपारीवाल्यांनी दंतवैद्य गाठावा. पन्नाशीपुढच्या पुरुषांनी पीएसए करायचे की नाही हे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

पत्नीची एचपीव्ही चाचणी नंतर झाली, ती नकारात्मक आली, आणि पुढची पाच वर्षांनी आहे. मला दर तीन महिन्यांनी चट्टा दाखवायचा आहे. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेचा संदेश आला की वार्षिक पॅकेजवर वीस टक्के सूट आहे. यंदा त्यात तोंडाची तपासणी समाविष्ट आहे का, असे मी विचारले, तर उत्तरादाखल दरपत्रक आले.