पार्सल कस्टममध्ये अडकलंय म्हणाले आणि 13,190 रुपये गेले

मी वरूड तालुक्यातल्या एका गावात राहते. घरची संत्र्याची बाग आहे, आणि गावातल्या महिला बचत गटाची मी सचिव आहे. आंबिया बहाराची तोड झाली की व्यापारी नाकारतो ती बारकी, डागी फळं घरी आणून मी स्क्वॅश करते. स्क्वॅशचा ब्रिक्स, म्हणजे त्यात विरघळलेल्या साखरेचं प्रमाण, किमान 40 असावा लागतो. पाक बोटाला चिकटतो की नाही, एवढ्यावरून तो आकडा कळत नाही. म्हणून ब्रिक्स मोजायचं डिजिटल यंत्र घ्यायचं खूप दिवस मनात होतं. एका परदेशी संकेतस्थळावर ते पोस्टेज धरून 6,840 रुपयांना दिसलं. मागच्या दिवाळीनंतर मी ते माझ्या नावाने, माझ्या पैशाने मागवलं.

अकराव्या दिवशी फोनवर संदेश आला, ‘आपले पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, ड्युटी भरावी.’ लगेच फोनही आला. माणूस हिंदीत बोलत होता, अगदी नम्रपणे, दर वाक्याला ‘मॅडम’. मुंबईच्या कस्टममधून बोलतोय म्हणाला. मला शंका आली नाही, कारण पार्सल खरंच येणार होतं. मागवलेलं नसतं तर फोन ठेवून दिला असता.

तो म्हणाला, ‘ट्रॅकिंग नंबर जुळवून घेऊ, तुमच्याकडचा वाचा.’ मी वहीतून सगळा वाचला, आधीची दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटची दोन अक्षरं. ‘बरोबर, हेच पार्सल,’ तो म्हणाला. वस्तू काय, किंमत किती, हेही त्याने तसंच ‘जुळवून’ घेतलं. पुढच्या फोनवर तीच माहिती त्याने मला वाचून दाखवली, आणि मला वाटलं, याच्यासमोर माझी फाईल उघडी आहे.

पहिले 1,490 रुपये ड्युटीचे. पैसे पाठवताना पडद्यावर एका खाजगी माणसाचं नाव आलं. मी विचारलं. ‘ते आमचे कॅशियर आहेत,’ तो म्हणाला. त्या नावावर माझं बोट थांबलं होतं, हे मला अजून आठवतं. तिथेच थांबायला हवं होतं. सरकारी कर कोणा एकाच्या खात्यात जात नाही.

तासाभराने 3,200 रुपये आयजीएसटीचे, म्हणजे आयात मालावरच्या जीएसटीचे, मागितले. संध्याकाळी तिसरा फोन, आणि आता आवाज बदललेला. विकणाऱ्याने पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहिलंय, परदेशातून गिफ्ट मागवायला बंदी आहे, तुमच्यावर केस होते. 8,500 रुपये दंड भरा, चौकशी संपली की परत मिळतील. व्हॉट्सॲपवर पत्र आलं, वर सिंहाची राजमुद्रा, खाली गोल शिक्का, ‘कस्टम डिपार्टमेंट ऑफ इंडिया’. केस म्हटल्यावर माझे हातपाय गळाले. माझ्या खात्यात तेवढे उरले नव्हते. गटाची त्या महिन्याची बचत बँकेत भरायची म्हणून माझ्याकडे होती. त्यातून दिले.

गिफ्टचा नियम खोटा नाही, हे मला नंतर कळलं. डिसेंबर 2019 पासून पोस्टाने किंवा कुरिअरने आलेला माल ‘गिफ्ट’ म्हणून ड्युटी न भरता सोडवून घेता येत नाही; पूर्ण ड्युटी भरली तर गिफ्टही चालतं. राखी आणि जीव वाचवणारी औषधं तेवढी वगळली आहेत. त्याआधी 5,000 रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूवर ड्युटी माफ होती. काही परदेशी विक्रेते अजूनही पाकिटावर ‘गिफ्ट’ लिहितात. माझ्या डब्यावर असं काही लिहिलेलंच नव्हतं, पण तो डबा तेव्हा मी पाहिला कुठे होता? खऱ्या नियमात खोटी मागणी गुंडाळून दिली की आपल्यासारख्या माणसाला वेगळं काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘क्लिअरन्स सर्टिफिकेट’चे 12,000 मागितले, तेव्हा कुठे मी घरी तोंड उघडलं. यजमान रागावले नाहीत. ‘अवं, एकडाव पोस्टात तं विचार,’ एवढंच म्हणाले. आमचे डाक सेवक भाऊ टपाल लावत बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ताई, कस्टमचे पैसे असले तं मीच घेतो ना वो दारात, पावती देऊन. फोनवर कोन मांगते?’

तिथून उठून 1930 वर, सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी नंबरवर, फोन लावायला हवा होता. मी दोन दिवस लाजेने गप्प बसले. गटाच्या पैशाचं काय सांगू, हेच डोक्यात. कोणाच्याही बाबतीत असं झालं तर कृपा करून हे दोन दिवस घालवू नका. तक्रार लगेच गेली तर पैसे पुढच्या खात्यांत वळवण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. 1930 वर बँक, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारतात. तो यूपीआयच्या इतिहासात सापडतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. माझी नोंदवली आहे. अजून एक रुपया परत आलेला नाही.

ते पत्र मी नंतर भाच्याला दाखवलं, तो अमरावतीला शिकतो. त्याने पहिलं हेच विचारलं, ‘मावशी, याच्यावर डीआयएन कुठे आहे?’ कस्टमच्या पत्रांवर 2019 पासून डीआयएन हा ओळख क्रमांक छापलेला असतो, आणि केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर तो टाकून पत्र खरं की खोटं ते पाहता येतं. माझ्या पत्रावर असा क्रमांकच नव्हता.

आणि मग एकोणिसाव्या दिवशी खरं पार्सल आलं.

डाक सेवक भाऊ दारात उभे, हातात डबा, आणि म्हणाले, ‘ताई, ड्युटी लागली आहे, भरा लागते.’ माझ्या पोटात गोळा आला. मी सरळ नाही म्हटलं. ते काही बोलले नाहीत, डब्याला लावलेला कागद पुढे केला आणि सायकलीला टेकून उभे राहिले. मी ओट्यावर बसून तो कागद वाचला. हा हिशेब आधी माहीत असता तर त्या माणसाचे तीन वेगवेगळे फोन मला पटलेच नसते, म्हणून इथे लिहिते. वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा मिळून रक्कम धरतात. तिच्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यांच्या बेरजेवर आयजीएसटी. दर वेगवेगळे असतात, बजेटमध्ये बदलतातही. समजा मूळ शुल्क 10 टक्के आणि आयजीएसटी 18 टक्के आहे, तर 1,000 रुपयांच्या मालावर आधी 100, मग 10, आणि 1,110 वर 199 रुपये 80 पैसे. एकूण 309 रुपये 80 पैसे. सगळं एकाच कागदावर, एकदाच. सकाळी ड्युटी आणि दुपारी आयजीएसटी असं नसतं.

मला दोन हजारांच्या थोडं वर भरावे लागले. भरले, पावती घेतली.

माल खाजगी कुरिअरने येत असेल तर मात्र जरा वेगळं असतं. कंपनी ओळखपत्र मागते, ड्युटी स्वतः भरते आणि आपल्याकडून घेते, त्यामुळे तिथून खरा संदेशही येऊ शकतो. अशा वेळी संदेशातल्या लिंकला हात लावू नका. कंपनीचं संकेतस्थळ स्वतः उघडून ट्रॅकिंग नंबर टाका आणि तिथे काय लिहिलंय ते पाहा. आणि मागवतानाच विक्रेत्याच्या पानावर कर किमतीत धरलाय की नाही, ते वाचा. मी वाचलं नव्हतं.

गटाच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. 8,500 रुपये दर महिन्याला हजार याप्रमाणे भरीन, असं रजिस्टरवर लिहून सही केली. बायका गप्प होत्या. एकच गोष्ट मला तोपर्यंत छळत होती, ती मी बोलून दाखवली, की मी पार्सल मागवलंय हे त्या लोकांना कळलं कुठून?

मागे बसलेल्या एका काकूंनी पदराच्या गाठीतून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. तोच संदेश, तीच अक्षरं, ‘आपले पार्सल कस्टममध्ये अडकले आहे.’

‘मी तं काहीच नाही बलावलं वो बाई,’ त्या म्हणाल्या. ‘चार दिवस झाले, मले समजेना, कोनाचं पार्सल हाय म्हनून.’