फार्मॉल एम ओढीच्या स्पर्धेत: सहा महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेतल्या जुन्या ट्रॅक्टरांच्या ओढस्पर्धांत इंटरनॅशनल हार्वेस्टरचा फार्मॉल एम (१९३९–५२) आजही हमखास दिसतो. इथे वापरलेला एम चालकासह एकूण ५,५०० पौंडांच्या वजनवर्गासाठी तयार केला होता. एप्रिल ते सप्टेंबर ओढून झाल्यावरचं मत स्पष्ट आहे: इंजिनावर पैसे ओतण्याआधी हुकाची उंची आणि वजनाची वाटणी जुळवा.

स्लेड म्हणजे हुकाला साखळीने जोडून ओढायची वजनदार घसरगाडी. तिच्यावरची वजनाची पेटी पुढे सरकते तशी ओढ वाढत जाते आणि ट्रॅक्टर उलाळ होऊ लागतो, म्हणजे पुढून उचलला जातो. हिशेब करून बघा. हुक जमिनीपासून २० इंच, ओढ ४,५०० पौंड, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) सुमारे ८९ इंच. ४,५०० गुणिले २० भागिले ८९, म्हणजे पुढच्या चाकांवरचं जवळपास १,०१० पौंड वजन उचललं जातं. हुक एक इंच वर-खाली झाला की ५० पौंडांचा फरक. साखळी मागे उतरती असते, त्यामुळे आणखी थोडं जातं. उभ्या ट्रॅक्टरचं पुढचं वजन १,६५० ठेवलं तेव्हा पुढचं टोक जडच राहिलं आणि मागचे टायर लवकर स्लिप झाले. १,२०० वर तो व्हीली बारवर, म्हणजे मागे उलटू नये म्हणून लावलेल्या टेक्यावर, बसला. मग मागच्या टायरवर यायचं वजन बारच खातो. १,४०० ला पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकून राहतात. तेच हवं.

पुढच्या ॲक्सलच्या ३० इंच पुढे टांगलेला १०० पौंडांचा तुकडा पुढे १३४ पौंडांचं काम करतो आणि मागचे ३४ पौंड कमी करतो. म्हणून वजनं टांगायची चौकट सरकती बनवा, काट्यावर दोन्ही ॲक्सल वेगवेगळे मोजा.

टायरमध्ये १२ पीएसआय हवा चांगली चालली. मात्र हवा कमी केली की मागचा ॲक्सल खाली बसतो आणि हुकही उतरतो, त्यामुळे उंची हवा ठरवल्यावरच मोजायची. दुसरा धोका ट्यूबचा. टायर रिमवर फिरतो आणि व्हॉल्व्ह मुळातून कापला जातो. टायर आणि रिम दोन्हींवर मिळून खडूची एक रेघ ओढा. प्रत्येक ओढीनंतर ती तुटली आहे का बघा. व्हॉल्व्ह तिरका दिसला की ट्यूब सरळ करून घ्या, पुढच्या ओढीवर ढकलू नका.

इंजिनाचं फार काही नाही. प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या एच-४ मॅग्नेटोच्या पॉइंटचा गॅप ०.०१३ इंच, प्लगचा ०.०२५, गरम इंजिनावर टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) ०.०१७. गव्हर्नर (इंजिनाचा वेग राखणारा भाग) ते कार्बोरेटरच्या दांडीचे सांधे झिजले असतील तर लोड आल्यावर थ्रॉटल उशिरा उघडतो आणि इंजिन ऐन वेळी गळपटतं. हे सांधे आधी बदला.

१,४५० आरपीएमवर पहिला गिअर ताशी २⅝ मैल, दुसरा ३½. स्पर्धेची वेगमर्यादा ४ मैलांची असेल तर दुसरा बसतो. पण गव्हर्नर वर चढवलेला किंवा टायर मोठा असेल तर ३½ चे पावणेचार-चार कधी होतात कळत नाही, आणि मर्यादा ओलांडली की ओढ बाद. साखळी अलगद ताणून घ्या, फुल थ्रॉटल द्या, मग क्लच सोडा. झटका दिला की टायर तिथेच खड्डा करतो.

मूळचा डोलणारा ड्रॉबार (हुक असलेली मागची ओढपट्टी) या कामाचा नाही. तो दोन्ही बाजूंनी पक्का बांधावा लागतो. तेवढं करूनही हंगामाअखेर हुकाची कड अर्धा इंच खाली वाकलेली आढळली. पुढच्या वेळी पट्टी जाड, आणि खालून टेका.