क्रूझच्या सवलती आणि सामानाची सोय : कोल्हापूरकरांच्या हिशेबाने

गेल्या काही वर्षांत कोल्हापुरातल्या पर्यटन कार्यालयांच्या फलकांवर चारधाम आणि दुबई यांच्या जोडीला क्रूझ हा शब्द ठळक दिसू लागला आहे. कॉर्डेलिया क्रूझेसने सप्टेंबर 2021 मध्ये 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून सुरू केले, सिंगापूरहून निघणाऱ्या छोट्या सफरी सहलींच्या कार्यक्रमात जोडल्या जाऊ लागल्या, आणि शाहूपुरी-राजारामपुरीतल्या कार्यालयांत डेक, बाल्कनी, इनसाइड केबिन ही भाषा सहज चालू लागली. जहाजावरचे जेवण आणि करमणूक यांविषयी पुष्कळ बोलले जाते, म्हणून ते विषय बाजूला ठेवून मी येथे फक्त तीन गोष्टींचे परीक्षण करणार आहे : कंपन्यांचे निष्ठावंत प्रवाशांसाठीचे सभासदत्व, नोंदणीच्या वेळी दाखवली जाणारी आमिषे, आणि घरापासून जहाजापर्यंत सामान पोचवण्याच्या सेवा. माझे मत आधीच सांगते. ज्या सवलतीची सर्वांत मोठी जाहिरात होते ती आपल्या सर्वांत कमी उपयोगाची आहे, आणि जिचा उल्लेख एजंट विचारल्याशिवाय करत नाहीत ती सर्वांत मोलाची आहे.

प्रथम सभासदत्व. सिंगापूरहून जाणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांना ज्या कंपनीचे नाव हमखास ऐकायला मिळते त्या रॉयल कॅरिबियनच्या योजनेला 'क्राउन अँड अँकर सोसायटी' म्हणतात. साध्या केबिनमध्ये प्रत्येक रात्रीला एक गुण आणि सूटमध्ये, म्हणजे मोठ्या आलिशान केबिनमध्ये, दोन गुण असा तिचा साधा नियम आहे. 3 गुणांना गोल्ड, 30 ला प्लॅटिनम, 55 ला एमराल्ड, 80 ला डायमंड, 175 ला डायमंड प्लस आणि 700 ला पिनॅकल अशा पायऱ्या आहेत. खऱ्या अर्थाने हाती काही पडते ते डायमंडपासून : दररोज चार पेये मोफत, ज्यांत मद्य न घेणाऱ्यांना मॉकटेल किंवा चांगली कॉफी घेता येते. आता हिशेब मांडावा. दरवर्षी चार रात्रींची एक सफर साध्या केबिनमधून करणाऱ्या कुटुंबाला डायमंडला पोचायला वीस वर्षे लागतात. पिनॅकलचा हिशेब मांडण्यात अर्थच नाही. फ्लोरिडात बंदराजवळ राहणाऱ्या निवृत्त माणसासाठी ही योजना उत्तम आहे, कारण तो वर्षातून अनेकदा गाडी काढून जहाजावर जाऊ शकतो. कोल्हापूरहून निघणाऱ्या माणसाला आधी मुंबई, मग विमान, मग बंदर असा प्रवास करायचा असतो आणि त्याची पुढची क्रूझ बहुधा मुलांच्या परीक्षा, घरातली लग्ने आणि ऊसबिल यांच्यावर ठरते.

तरीही सभासद क्रमांक घ्यावा, कारण त्याला पैसे पडत नाहीत आणि नियमांत आपल्या उपयोगाच्या दोन गोष्टी आहेत. एकाच पत्त्यावर राहणाऱ्या पती-पत्नीला दोघांपैकी वरची श्रेणी मिळते आणि लहान मुलांना आई-वडिलांची. तसेच 2024 पासून त्याच समूहातल्या सेलिब्रिटी आणि सिल्वरसी या कंपन्यांच्या जहाजांवरही समकक्ष श्रेणी मानली जाते. मात्र एकत्र कुटुंबातल्या दोन भावांचे गुण एकत्र होत नाहीत, हे एजंटने स्पष्ट सांगायला हवे. आणखी एक बारीक गोष्ट नावाची. आपल्याकडे मधले नाव कधी पासपोर्टवर असते, कधी आधार कार्डावरच असते, लग्नानंतर आडनाव बदलते. एका सफरीला एक स्पेलिंग आणि दुसरीला दुसरे दिले तर एकाच माणसाची दोन खाती होऊ शकतात. म्हणून क्रमांक मिळताच तो पासपोर्टच्या झेरॉक्सवर लिहून ठेवावा आणि पुढच्या प्रत्येक नोंदणीत तोच द्यावा.

एमएससी क्रूझेसची पद्धत मला या बाबतीत अधिक मोकळी वाटते. दुसऱ्या क्रूझ कंपनीत किंवा मोठ्या हॉटेल साखळीत तुमची वरची श्रेणी असेल, तर तिच्या आधारे एमएससीच्या 'व्हॉयेजर्स क्लब'मध्ये समकक्ष श्रेणी मागता येते. कामानिमित्त सतत हॉटेलांत राहणारे आपले फौंड्रीवाले उद्योजक आणि औषध कंपन्यांचे अधिकारी यांना याचा लाभ पहिल्याच सफरीत मिळू शकतो. उलट कार्निव्हल या अमेरिकन क्रूझ कंपनीने 2025 मध्ये जाहीर केले की त्यांची योजना रात्रींऐवजी खर्च मोजणार. जो जास्त खर्च करील त्याचा मान मोठा. व्यवसाय म्हणून ते समजण्यासारखे आहे, पण काटकसरीने प्रवास करणाऱ्या कुटुंबाने तिच्यावर आशा ठेवू नये. जाता जाता, 'एम्प्रेस' हे 1990 सालचे जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियनच्याच ताफ्यात होते, म्हणून मुंबईच्या सफरीचे गुण तिकडे जमा होतील असे काहींना वाटते. तसे होत नाही. मालकी आणि कंपनी दोन्ही वेगळ्या आहेत.

नोंदणीच्या वेळच्या आमिषांत सर्वांत प्रचलित म्हणजे ऑनबोर्ड क्रेडिट. एजंट सांगतो, "ताई, पन्नास डॉलर फुकट मिळणार आहेत." ते खरे असते, पण त्या डॉलरचा स्वभाव ओळखायला हवा : ते जहाजावरच खर्च करायचे असतात, बहुतेक योजनांत उरलेली रक्कम रोख मिळत नाही आणि शेवटच्या रात्री ती बुडते. त्यासमोर जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या सेवाशुल्काचा आकडा ठेवावा. रॉयल कॅरिबियनने नोव्हेंबर 2023 मध्ये साध्या केबिनसाठी माणशी दररोज 18 डॉलर असे शुल्क केले, आणि ते मुलांनाही लागते. त्या दराने चौघांच्या कुटुंबाला चार रात्रींचे 288 डॉलर होतात. जाहिरातीतल्या भाड्यात ते नसतात. 'तिसरा आणि चौथा प्रवासी मोफत' या घोषणेचेही तसेच : भाडे माफ होते, पण बंदर शुल्क, कर आणि सेवाशुल्क त्या मुलांच्या नावानेही भरावे लागते. ही योजना वाईट नाही, किंबहुना दोन मुलांच्या कुटुंबासाठी ती नोंदणीतली सर्वांत खरी सूट ठरू शकते. फक्त एजंटकडून माणशी भाड्याऐवजी केबिनचा शेवटचा आकडा एका कागदावर लिहून घ्यावा, त्यात सेवाशुल्क आधीच भरलेले असावे आणि परदेशी सहलीवर कापला जाणारा टीसीएस (एजंटने आगाऊ गोळा केलेला आयकर) वेगळ्या ओळीत दाखवलेला असावा. तो टीसीएस आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, त्यामुळे दोन एजंटांच्या दरांची तुलना करताना तो बाजूला काढूनच पाहिले पाहिजे.

जहाजावर असतानाच पुढच्या सफरीची नोंदणी करा आणि जादा क्रेडिट मिळवा, असे टेबल प्रत्येक मोठ्या जहाजावर असते. समुद्रावरच्या प्रसन्न संध्याकाळी तिथे सही करणे फार सोपे जाते. ज्यांची पुढची तारीख खरोखर ठरली आहे त्यांनी जरूर करावी, पण अनामत रक्कम परत मिळणारी आहे की नाही हे आधी विचारावे, कारण स्वस्त दर बहुधा परत न मिळणाऱ्या अनामतीला जोडलेला असतो. शेअर बाजाराची आवड असणाऱ्यांना एक गंमतीची माहिती : कार्निव्हल कॉर्पोरेशनचे 100 शेअर बाळगणाऱ्याला सहा दिवसांपर्यंतच्या सफरीला 50, सात ते तेरा दिवसांना 100 आणि चौदा दिवसांपासून पुढे 250 डॉलर क्रेडिट मिळते. केवळ त्यासाठी परदेशी शेअर घेण्याचा सल्ला मी देणार नाही.

आता ती न बोलली जाणारी सवलत. क्रूझच्या धंद्यात समूह नोंदणीवर साधारणपणे सोळा प्रवाशांमागे एका प्रवाशाचे भाडे माफ करण्याची पद्धत आहे, म्हणजे दोघा-दोघांच्या आठ केबिन भरल्या की एक जागा सुटते. केबिनमधले तिसरे-चौथे प्रवासी या मोजणीत सहसा धरले जात नाहीत आणि सुटलेल्या जागेचे कर भरावेच लागतात. कोल्हापुरात आठ केबिन भरणे अवघड नाही. भिशीचा गट, तालमीतली जुनी मंडळी, महिला मंडळ, एका गल्लीतली सात-आठ घरे एकत्र सहलीला जाण्याची आपली रीत जुनीच आहे. पण ही माफ झालेली जागा कोणाच्या खिशात जाते, हा प्रश्न विचारला जात नाही. एका एजंटने आमच्या गटाला दिलेल्या दरपत्रकात तिचा उल्लेखच नव्हता. विचारल्यावर त्याने ती 'कंपनीकडून आयोजकाला असते' असे सांगितले, आणि आयोजक म्हणजे तो स्वतः असा त्याचा अर्थ निघाला. एजंट बरोबर येऊन गट सांभाळणार असेल तर ती जागा त्याने घेण्यात काहीही गैर नाही. तो शाहूपुरीतच थांबणार असेल, तर ती रक्कम सोळा जणांत वाटली गेली पाहिजे. दुसऱ्या कार्यालयात आम्ही हेच पहिल्या वाक्यात मांडले, तेव्हा त्यांनी कुरकुर न करता सुधारित दरपत्रक दिले. सभासदत्वाच्या कोणत्याही पायरीने इतका फरक पडला नसता.

सामानाच्या बाबतीत परदेशात सेवा फार पुढे गेली आहे. काही कंपन्या घरून बॅग उचलतात आणि जहाजापर्यंत पोचवतात. दर बॅगेच्या आकारावर आणि मार्गावर ठरतो. जपानमध्ये यामातो कंपनीने 1976 साली सुरू केलेली ताक्क्युबिन ही घरपोच सामानसेवा तर रोजच्या जीवनाचा भाग झाली आहे, आणि जपानहून क्रूझ घेणाऱ्यांनी तिचा वापर जरूर करावा. विमानतळावर बॅग द्यावी आणि मोकळ्या हातांनी शहरात फिरावे. भारतातून परदेशी बंदरावर बॅग आधी पाठवणे मात्र मला पटत नाही. सामान प्रवाशाच्या सोबत नसले की सीमाशुल्काची कागदपत्रे वाढतात, आणि जहाज कोणाच्या बॅगेसाठी थांबत नाही.

देशांतर्गत घरपोच सेवेचा आमच्या गटाचा अनुभवही समाधानकारक नव्हता. कोल्हापुरातून बॅगा उचलून मुंबईत बंदराजवळच्या हॉटेलवर देण्याचे पैसे एका कंपनीने घेतले, आणि जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी दुपारी फोन आला की सामान भिवंडीच्या गोदामात आहे, येऊन घेऊन जा. पावतीवर हॉटेलचा पूर्ण पत्ता होता. ज्येष्ठ प्रवाशांनी याच कारणासाठी जादा पैसे मोजले होते, हे त्या कंपनीला कोणीतरी ठामपणे सांगायला हवे होते आणि ते आम्ही लेखी कळवले आहे.

त्यापेक्षा आपली महालक्ष्मी एक्सप्रेस कितीतरी भरवशाची. रात्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून बसावे, सकाळी सीएसएमटीला उतरावे. तिथून जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. तिकिटावर टू टिअर एसीला 50 किलो, थ्री टिअर एसीला आणि स्लीपरला 40 किलो सामान मोफत नेता येते. त्याहून जास्त असेल, किंवा मोठ्या बॅगा डब्यात ओढायच्या नसतील, तर पार्सल कार्यालयात तिकीट दाखवून त्या ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, टाकता येतात. तिथे वजनकाट्यावर बॅग चढते, मार्करने तिच्यावर स्थानकांची नावे लिहिली जातात आणि हाती एक पावती येते. मुंबईत ती दाखवून सामान ताब्यात घ्यायचे. यासाठी गाडीच्या बऱ्याच आधी पोचावे लागते, हाच काय तो त्रास. जहाजावर प्रवेश साधारण दुपारी सुरू होतो, तोवर सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये बॅगा ठेवता येतात, पण प्रत्येक बॅगेला कुलूप हवे, नाहीतर घेत नाहीत.

बंदरावर पोचल्यावर जहाजाची स्वतःची सामानसेवा सुरू होते आणि ती उत्तम असते. नाव आणि केबिन क्रमांकाची चिठ्ठी लावून बॅग हमालाकडे द्यावी. संध्याकाळपर्यंत ती केबिनच्या दाराशी येते. ही चिठ्ठी घरीच साध्या कागदावर छापून चार घड्या घालून स्टेपल करायला सांगितलेले असते, आणि पावसाळी हवेत ती फाटते. राजारामपुरीतल्या झेरॉक्सवाल्याकडून ती लॅमिनेट करून, भोक पाडून केबल टायने बांधल्यास शेवटपर्यंत टिकते. त्या बॅगेत पासपोर्ट, औषधे आणि पॉवर बँक ठेवू नये. इस्त्री आणि इलेक्ट्रिक किटली तपासणीत काढून घेतात व सफर संपल्यावर परत देतात. घरी केलेली चटणी आणि भाकरी बहुतेक जहाजांवर चालत नाही. भडंग न्यायचे असेल तर कारखान्यातले सीलबंद पाकीटच न्यावे.

परतीच्या आदल्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि सकाळी त्या टर्मिनलवर चिठ्ठीच्या रंगानुसार रांगेत लावलेल्या मिळतात. मोठा गट असेल तर सर्वांनी एकाच रंगाच्या चिठ्ठ्या मागून घ्याव्यात, म्हणजे सगळे एकाच वेळी उतरतात. जहाज सकाळी लागते आणि कोल्हापूरची गाडी रात्री असते, म्हणून दिवसभरासाठी पुन्हा क्लोक रूम गाठावी, आणि ब्रेक व्हॅनची परतीची नोंदणी दुपारीच करून टाकावी.